साबुरो इएनागा : पाठ्यपुस्तकाशी जडलेले आयुष्य

१९४५ च्या शरद ऋतूतील जपानमधील एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. पुस्तके जुनीच आहेत, गुरुजीही तेच. मात्र गुरुजी पाने व ओळी सांगत आहेत आणि मुले युद्धगौरवाच्या त्या ओळींवर काळी शाई फासत आहेत. काल जे पाठ करून घेतले, तेच आज पुसावयाचे होते. वर्षअखेरीस दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने नीतिशिक्षण, इतिहास व भूगोल हे विषयच थांबविले.

इतिहास नव्याने लिहिण्यासाठी निवडलेल्या चार लेखकांपैकी एक होते साबुरो इएनागा. १९१३ मध्ये नागोया येथे जन्मलेले इएनागा टोकियो विद्यापीठाचे पदवीधर. युद्धकाळात त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. त्यांनी युद्धाचा प्रचार केला नाही, पण विरोधही केला नाही. हे मौन त्यांना पुढे आयुष्यभर सलत राहिले; त्यांचे चरित्र समजून घेताना तुम्ही हा सल विसरू नये.

‘कुनी नो आयुमी’ म्हणजे ‘देशाची वाटचाल’ हे पुस्तक १९४६ मध्ये निघाले. त्यातील प्राचीन काळाचा भाग इएनागांचा. पूर्वीची पुस्तके सूर्यदेवीपासून आरंभ करीत. हे पुस्तक अश्मयुगातील माणसांपासून सुरू झाले. अर्थात, त्याचे हस्तलिखित परकीय अधिकाऱ्यांच्या नजरेखालून गेले होते. मुक्त लेखन म्हणावे, असे ते नव्हतेच.

१९५२ मध्ये परकीय अंमल संपला; पाठ्यपुस्तकांची तपासणी मात्र जपानी शिक्षण मंत्रालयाकडे राहिली. इएनागांचे माध्यमिक शाळेसाठीचे ‘शिन निहोनशी’ हे इतिहासाचे पुस्तक १९६३ मध्ये नाकारले गेले. पुढील वर्षी मान्यता मिळाली, ती सुमारे तीनशे दुरुस्त्यांच्या अटीवर. युद्धाचे चित्र फार काळे रंगविले, हा एक आक्षेप होता. युद्धकाळात गप्प राहिलेला हा शिक्षक आता गप्प बसला नाही. १९६५ मध्ये त्यांनी सरकारवर दावा लावला. त्यानंतर आणखी दोन.

हे खटले ३२ वर्षे चालले. १९७० मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने दुसऱ्या दाव्यात त्यांच्या बाजूने निकाल दिला, परंतु तो टिकला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत घटनासंमतच ठरविली. तथापि, मांचुरियात कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या ‘७३१’ या लष्करी पथकाचा उल्लेख गाळावयास लावणे बेकायदेशीर होते, असा निर्णय दिला. भरपाई मिळाली चार लाख येन; खर्चाच्या मानाने ती नाममात्रच. इएनागा तेव्हा ८३ वर्षांचे होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.