केसरबाईंचा खरा आवाज कोणता? एक भैरवी, तिच्या ढीगभर कॉप्या आणि अंतराळात गेलेली तबकडी

2022 च्या जूनमध्ये अमरावती–अकोला रस्ता गिनीज बुकात गेला. 75 किलोमीटरचं डांबरीकरण, तेही 105 तासांच्या आसपास. तेव्हापासून आमच्याकडे रेकॉर्ड म्हटलं की पोरं हाच सांगतात. मी त्याच रस्त्यानं अकोल्याला मामांकडे जातो आणि मामांच्या कपाटात वेगळ्याच रेकॉर्ड आहेत. काळ्या, गोल, कव्हर फाटलेल्या.

मागच्या दिवाळीत मी तिथे जरा शहाणपणा करायला गेलो. नासाच्या व्हॉयेजर यानांवर भारतातलं एकच गाणं आहे आणि ते केसरबाई केरकरांचं आहे, हे मामांना ऐकवायचं म्हणून यूट्यूबवर 'जात कहां हो' शोधलं आणि ब्लूटूथ स्पीकरवर लावलं. मामांनी दहा-बारा सेकंद ऐकलं आणि मान हलवली. ही केसरबाई नाहीच, असं त्यांचं म्हणणं. मी स्क्रीन दाखवली. नाव बरोबर, फोटो बरोबर. ते काही बोलले नाहीत. कपाटातून एलपी काढली, फडक्यानं पुसली आणि सुई ठेवली.

तीच भैरवी, तेच शब्द. पण बाई दुसरी वाटावी इतका फरक! माझ्या फोनमधला आवाज पातळ, जरा घाईतला. मामांच्या स्पीकरमधला रुंद, भरदार, खोलीभर पसरणारा. मागे खरखर होती, पण दोन मिनिटांत ती ऐकू यायची बंद झाली.

एकाच अल्बमची अमुक सालची प्रेसिंग चांगली की तमुक रिमास्टर, यावर तासन्‌तास भांडणं हे पिंक फ्लॉइडवाल्यांचं खूळ आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी अकोल्यात मीच त्यात पडलो. अल्बम फक्त साडेतीन मिनिटांचा होता.

आता या बाई कोण, ते सांगतो. कारण त्याशिवाय हे भांडण कळणार नाही.

केसरबाईंचा जन्म 13 जुलै 1892 चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. घर कलावंत समाजातलं. देवळाशी बांधलेल्या या समाजातल्या बायकांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या गाणं होतं, पण गावात मान नव्हता. आठ वर्षांची असताना ही मुलगी कोल्हापूरला आली आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठेक महिने शिकली. मग परत गोवा, तिथे रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई. मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. यातलं एक नाव जरी एखाद्याच्या बायोडेटात असतं तरी त्यानं दुकान मांडलं असतं. बाईंचं समाधान झालं नाही.

1921 साली त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. तेव्हा त्यांचं वय एकोणतीसच्या घरात. म्हणजे आज माझं आहे तितकं. माझ्या वयाचे इंजिनिअर नवीन फ्रेमवर्क शिकायचं म्हटलं तरी कुरकुर करतात. या बाईंनी अर्धं आयुष्य शिकण्यात घालवल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रोज तासन्‌तास मेहनत, एकेक राग महिनोन्‌महिने. साधारण 1930 पासून त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या, पण शिकणं थांबलं नाही. 1946 मध्ये खाँसाहेब गेले तोवर तालीम चालू होती.

या घराण्याच्या गाण्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. आवाज मोकळा, मोठा, 'आ'काराचा. आणि तान अशी की एक स्वर दुसऱ्यात कुठे मिसळला ते कळू नये. अनवट राग ही तर त्यांची खासियत. नट कामोद, कुकुभ बिलावल, खट ही नावं तुम्ही ऐकलीही नसतील, मीही नव्हती. असा एक राग उलगडायला बाईंना तास लागायचा. आणि समोर आली तीन मिनिटांची तबकडी.

त्या काळची दहा इंची तबकडी मिनिटाला साधारण 78 फेरे घ्यायची आणि एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावायची. बारा इंची असेल तर चार-साडेचार. म्हणजे आपल्या भाषेत स्टोरेज फुल. पूर्ण राग मावणं शक्यच नाही, त्याचा ट्रेलरच मावणार. केसरबाईंनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी काही रेकॉर्ड केल्या, पण हात राखून. एक तर तीन मिनिटांत गाणं कोंबणं त्यांना पटत नव्हतं. दुसरं म्हणजे आपली गायकी कोणीही घरी बसून पुन्हापुन्हा ऐकावी आणि उचलावी, हे त्यांना मान्य नव्हतं. इतक्या कष्टानं मिळवलेली विद्या एका सुईच्या भरवशावर बाजारात सोडायची नाही, असा तो हिशोब.

मला आधी हा हट्टीपणा वाटला. ओपन सोर्सवर वाढलेला माणूस मी, ज्ञान लपवून ठेवणं मला चुकीचंच वाटतं, अजूनही. पण जिच्या समाजातल्या बायकांचं गाणं लोकांनी ऐकलं आणि नाव टाळलं, तिनं आपल्या आवाजाची चावी स्वतःकडे ठेवली, यात मला आता गैर दिसत नाही. शिष्याही त्यांनी मोजूनमापून घेतल्या. धोंडूताई कुलकर्णी हे त्यातलं ठळक नाव. मैफलीत मात्र कंजुषी नव्हती. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. 1948 मध्ये कोलकात्यात त्यांना सूरश्री ही पदवी मिळाली, 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण. त्याआधीच, साठच्या दशकात, आवाज उतरायच्या आत त्यांनी जाहीर गाणं बंद केलं होतं. लोकांच्या कानात काय राहावं, हेसुद्धा त्यांनीच ठरवलं.

आणि आज त्यांचा आवाज लोकांच्या कानात कोण ठरवतं? ज्यानं फाइल अपलोड केली तो.

तर आता मामांच्या एलपीकडे वळू. मी दोन्हींची लांबी मोजली. एलपीवर गाणं साडेतीन मिनिटांचं, म्हणजे 210 सेकंद. व्हॉयेजरच्या यादीतही हीच लांबी दिली आहे. माझ्या फोनमधलं 198 सेकंदांचं. काहीच कापलेलं नव्हतं, सुरुवात-शेवट दोन्ही जागेवर. 210 भागिले 198 करा, 1.06 येतं. आणि हार्मोनियमवर शेजारच्या पट्टीवर जायचं तर आवाजाची कंपनसंख्या जवळजवळ 1.06 पटच होते. म्हणजे कोणीतरी कुठेतरी तबकडी सहा टक्के जोरात फिरवली होती आणि केसरबाई अख्खी एक पट्टी वर चढल्या होत्या. आवाज पातळ झाला, ताना धावायला लागल्या. मामांच्या कानानं जे दहा सेकंदांत पकडलं, त्याला मला कॅल्क्युलेटर लागला.

असं का होतं? 78 हा आकडाच मुळात कच्चा होता. सुरुवातीच्या काळात कंपन्या आपापल्या मर्जीनं कमी-जास्त वेगावर रेकॉर्डिंग करायच्या, साठ-सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत. पुढे विजेच्या मोटारी आल्यावर आकडा स्थिर झाला, पण तबकडीवर वेग छापलेला असेलच याची खात्री नाही. मग ती तबकडी एलपीवर, एलपी कॅसेटवर, कॅसेट कम्प्युटरवर. प्रत्येक ठिकाणी मशीन जरा मागे-पुढे. व्हॉट्सॲपवर तोच फोटो दहा वेळा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवला की चेहरा पुसट होतो ना, तसंच. फरक इतकाच की फोटोची खराबी डोळ्याला दिसते. चुकीचा वेग ऐकूनही कळत नाही, कारण मूळ आवाज ऐकलेली माणसंच उरली नाहीत.

इथे एक गंमत. यूट्यूबमधला प्लेबॅक स्पीड कमी करून हे दुरुस्त होत नाही. तो वेग बदलतो पण पट्टी तीच ठेवतो, मुद्दामच, नाहीतर 1.5 वर लेक्चर ऐकताना सर चिमणीसारखे बोलले असते. तुम्हाला वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र उतरवायला हवेत. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते होतं.

वेगाखालोखाल घोळ सुईचा. 78 च्या तबकडीची खाच रुंद असते आणि एलपीची सुई तिच्या जवळपास एक तृतीयांश बारीक. ती सुई जुन्या तबकडीवर ठेवली तर खाचेच्या तळाशी लोळते आणि आवाजापेक्षा धूळच जास्त वाचते. मग खरखर फार आली म्हणून नॉइज रिडक्शन मारतात. सॉफ्टवेअरला खरखर आणि तंबोऱ्याची जवारी यात फरक कळत नाही. दोन्ही वरच्या पट्ट्यातच राहतात, म्हणून दोन्ही जातात. उरतो तो स्वच्छ, गुळगुळीत, उशीत तोंड खुपसून गायल्यासारखा आवाज. रिमास्टर्ड हा शब्द दिसला की आपण खूश होतो. मी आता आधी हेडफोन लावून तंबोरा शोधतो. तंबोरा नसेल तर पुढचं ऐकत नाही. खरखर चालेल.

आता यानाची गोष्ट. 1977 मध्ये कार्ल सेगन यांच्या टीमनं पृथ्वीचं संगीत अंतराळात पाठवायला 27 तुकडे निवडले. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंच्या या भैरवीचा आग्रह धरला. पण रेकॉर्ड बाजारात मिळेना! ॲन ड्रुयन यांनी न्यू यॉर्क पालथं घातलं. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन प्रती सापडल्या, आणि दुकानदार द्यायला तयार होईना. रेकॉर्ड जपणाऱ्या माणसाची ही खोड मला मामांमुळे चांगली ठाऊक आहे.

व्हॉयेजर 2 उडालं 20 ऑगस्ट 1977 ला, व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. ज्यांनी आपल्या आवाजाच्या कॉप्या होऊ नयेत म्हणून आयुष्यभर हात आखडता घेतला, त्यांच्या आवाजाच्या दोन कॉप्या तेव्हा पृथ्वी सोडून निघाल्या होत्या. आज व्हॉयेजर 1 आपल्यापासून 2400 कोटी किलोमीटरपेक्षा लांब आहे. तिथून सिग्नल यायला 22 तासांहून जास्त लागतात.

माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र त्या तबकडीचं कव्हर आहे. तबकडी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंची. नव्वद मिनिटांचं संगीत मावावं म्हणून वेग ठेवला मिनिटाला 16⅔ फेरे, म्हणजे एका फेरीला 3.6 सेकंद. आता परग्रहावरच्या माणसाला सेकंद काय माहीत? म्हणून हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका बदलाचा काळ एकक धरला, सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या 0.70 इतका, आणि एका फेरीला असे किती एकक लागतात ते बायनरीत कव्हरवर कोरलं. सुई कुठे ठेवायची, त्याचं चित्रही काढलं. सोबत सुई आणि काडतूसही दिलं. म्हणजे ते यान कधी कोणाला सापडलंच, तर त्यांना केसरबाई बरोबर पट्टीत ऐकायची सगळी सोय आहे. अकोल्यात, फाइव्ह जी असून, नाही.

पृथ्वीवर या सोनेरी तबकडीच्याही आवृत्त्या निघाल्याच. 1992 मध्ये सीडी-रॉम आली. मग 2017 मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्सनं लोकवर्गणीतून, सोनीच्या भांडारातल्या मूळ मास्टर टेप शोधून, विनाइल काढली; तिच्या पॅकेजिंगला 2018 मध्ये ग्रॅमी मिळालं. मूळ टेपपर्यंत गेले हे त्यांचं खरं काम. आपल्याकडच्या जुन्या गाण्यांवर इतकी मेहनत घेतलेली पाहिली की मला बरं वाटतं, आणि ती घ्यायला गाणं आधी सूर्यमालेबाहेर जावं लागतं याचा रागही येतो.

मामांच्या एलपीवरून मी फाइल बनवली. नॉइज रिडक्शन लावलं नाही. नावात गायिका, राग, तबकडीचा क्रमांक, फिरवण्याचा वेग, सुई, तारीख आणि कोणतीही प्रक्रिया केलेली नाही हे सगळं लिहिलं. नाव इतकं लांब झालं की मामांच्या फोनवर अर्धंच दिसतं. त्यांनी ते बदलून नुसतं केसरबाई अस्सल असं केलं. मी परत लांब केलं. या रविवारी पुन्हा जायचं आहे, बघू कोणतं टिकलंय.