त्वचेत दडलेला काळा आजार ओळखणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

काळा आजाराने एकेकाळी बंगाल आणि आसाममध्ये गावेच्या गावे ओस पाडली. या रोगावर प्रभावी औषध शोधणारे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ रोजी झाला. रसायनशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही विषयांत पारंगत असलेल्या ब्रह्मचारी यांनी कोलकाता हीच आपली कर्मभूमी मानली.

वाळूमाशीच्या दंशातून शरीरात शिरणारे या रोगाचे परजीवी, जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींमध्येच ठाण मांडतात. परिणामी ताप येतो, प्लीहा वाढते आणि उपचाराअभावी रुग्ण दगावतो. कॅम्पबेल रुग्णालयातील वीज, गॅस आणि नळाचे पाणी नसलेल्या छोट्या खोलीत कंदिलाच्या उजेडात काम करून ब्रह्मचारी यांनी १९२० मध्ये ‘युरिया स्टिबामाइन’ हे औषध तयार केले. त्याने असंख्य रुग्णांचे प्राण वाचले.

मात्र बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर कालांतराने चट्टे आणि गाठी उमटत. त्यांतही तेच परजीवी असल्याचे ब्रह्मचारी यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. अशा ठिकाणी संरक्षक पेशी गोळा होऊन दाह निर्माण होतो. तरीही त्याच पेशींच्या आश्रयाने परजीवी तग धरतात आणि वाळूमाशीमार्फत इतरांपर्यंत पोहोचू शकतात.

१९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. काळा आजाराच्या उच्चाटनासाठी ताप उतरलेल्या रुग्णाच्या त्वचेवरही लक्ष ठेवावे लागते, ते त्यांच्या याच निरीक्षणामुळे.