विश्लेषण : जुन्या जॅग्वारच्या इंजिनातील खडखड आणि हान्स रेनॉल्ड… टायमिंग चेन ‘वाढते’ म्हणजे नेमके काय होते?

सकाळी गार इंजिन सुरू केले की पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येते आणि मग थांबते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना हा आवाज चांगलाच परिचयाचा. दोष बहुतेक वेळा टायमिंग चेनचा असतो. या चेनची रचना मात्र मोटारीसाठी झालेलीच नव्हती. ती तयार झाली १८८० मध्ये, इंग्लंडमधील सॅलफर्डच्या एका छोट्या कारखान्यात. ती घडवणारे हान्स रेनॉल्ड यांची ही कहाणी.

हान्स रेनॉल्ड कोण होते?

जन्म ३१ जुलै १८५२, स्वित्झर्लंडमधील आराऊ. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये शिक्षण झाले आणि वयाच्या २१ व्या वर्षी, १८७३ मध्ये, ते मँचेस्टरला आले. कापडगिरण्यांचे शहर, यंत्रांची राजधानी; तरुण इंजिनीअरने जावे असे तेव्हा याहून चांगले ठिकाण क्वचितच असेल. सुरुवातीला त्यांनी यंत्रे निर्यात करणाऱ्या एका पेढीत नोकरी केली. १८७९ मध्ये जेम्स स्लेटर यांचा चेन बनवण्याचा छोटा व्यवसाय त्यांनी विकत घेतला. गिरण्यांतील यंत्रांना लागणाऱ्या चेन तिथे तयार होत. धंदा लहान होता आणि मालही फार टिकाऊ नव्हता.

जुन्या चेनमध्ये दोष काय होता?

त्या काळच्या चेनमध्ये पिन थेट बाजूच्या पातळ पट्ट्यांच्या भोकांत फिरत असे. म्हणजे सगळा भार पट्टीच्या जाडीएवढ्या अरुंद कडेवर. तिथे पिन झिजायची, भोक लंबगोल व्हायचे आणि चेन सैल पडायची. रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये यावर जो उपाय काढला तो आज कागदावर फार साधा वाटतो. आतल्या दोन पट्ट्यांत त्यांनी एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवला. पिन या बुशच्या पूर्ण लांबीवर टेकू लागली आणि भार पसरला. बुशवर बाहेरून फिरणारा रोलर होता, त्यामुळे स्प्रॉकेटच्या दाताशी होणारे घर्षणही कमी झाले. हीच बुश रोलर चेन. सायकलला, बाइकला आणि कित्येक इंजिनांच्या पोटात आजही मूळ रचना तीच आहे.

वेळही नेमकी साधली गेली. १८८५ मध्ये स्टार्ली यांची रोव्हर ‘सेफ्टी’ सायकल आली. पुढचे भलेमोठे चाक गेले आणि मागचे चाक चेनने फिरू लागले. सायकलींची लाट उसळली तसा चेनचा धंदाही वाढला.

१८९५ मध्ये रेनॉल्ड यांनी दुसरी रचना आणली, उलट्या दातांची ‘सायलेंट’ चेन. हिच्या पट्ट्यांनाच दात असतात आणि ते स्प्रॉकेटच्या दातांत हळुवार बसतात. वेग जास्त असला तरी आवाज कमी. पुढे मोटारींच्या कॅमशाफ्टसाठी ही चेन बराच काळ वापरली गेली.

४८ तासांचा आठवडा

रेनॉल्ड हे केवळ चेनवाले म्हणून ओळखले जात नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात ४८ तासांचा आठवडा लागू केला. ब्रिटिश इंजिनीअरिंग उद्योगात तेव्हा ५३-५४ तास ही सर्वसाधारण गोष्ट होती. १९०३ मध्ये कंपनी मर्यादित झाली आणि १९०६ मध्ये मँचेस्टरच्या बर्नेज भागात नवा कारखाना उभा राहिला. त्यांचे पुत्र चार्ल्स अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकून आले. बापलेकांनी कामाचे मोजमाप, खर्चाचा हिशेब आणि विभागांची रचना शास्त्रीय पद्धतीने बसवली. ब्रिटनमध्ये अशा व्यवस्थापनाचा प्रयोग इतक्या लवकर करणारे कारखाने मोजकेच होते. (घड्याळ हातात धरून कामगारांच्या मागे उभे राहण्याची पद्धत तिकडे बदनाम होत असताना इकडे कामाचे तास आधीच कमी झाले होते, हे लक्षात घेण्यासारखे.)

१९३० मध्ये कंपनी कॉव्हेंट्री चेन कंपनीत विलीन होऊन ‘रेनॉल्ड अँड कॉव्हेंट्री चेन’ झाली. २ मे १९४३ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी हान्स रेनॉल्ड यांचे निधन झाले.

त्यांची चेन ‘एक्सके’ इंजिनात कशी?

पाच वर्षांनी, १९४८ च्या लंडन मोटार शोमध्ये जॅग्वारने एक्सके १२० ही कार दाखवली. ३.४ लिटर, सहा सिलिंडर, १६० अश्वशक्ती आणि डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. क्रँक खाली, कॅम वर. मधले अंतर मोठे. एकच लांब चेन लावली तर ती फटकारे मारते. म्हणून काम दोन टप्प्यांत वाटले गेले. खालची दुहेरी रोलर चेन क्रँकवरून मधल्या स्प्रॉकेटला फिरवते आणि वरची तिथून दोन्ही कॅमना. पिन, बुश, रोलर हे सूत्र १८८० चेच.

मग बिघडते काय?

चेन ‘ताणली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात, पण पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. झिजतात त्या पिन आणि बुश. समजा, १०० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात ०.०५ मिलिमीटर झीज झाली, तर चेन ५ मिलिमीटरने लांबते. मग कॅम क्रँकच्या मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि कमी वेगावरचा पिकअप जातो. पुढच्या मॉडेलांत खालच्या चेनला ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर आला. गार इंजिनात दाब तयार होईपर्यंत तो चेनला पुरेसे दाबत नाही. सकाळची खडखड तिथलीच. वेळेवर न बदललेले घाण ऑइल ही झीज वेगाने वाढवते.

आवाज वरच्या चेनचा असेल तर काम तुलनेने सोपे. हेडच्या पुढच्या बाजूला विकेंद्री आयडलर स्प्रॉकेट आहे. तो फिरवून ताण घेता येतो. आवाज खालच्या चेनचा असेल तर खिसा सांभाळा. टायमिंग कव्हर काढायला सिलिंडर हेड उतरवावे लागते आणि खालून ऑइल सम्पही. ॲल्युमिनियमचे हेड वर्षानुवर्षे पोलादी स्टडवर गंजून बसलेले असते, त्यामुळे कधी कधी एवढ्यातच दिवस जातो.

इतके उघडल्यावर फक्त चेन बदलणे हा खोटा काटकसरीपणा. जुन्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर नवी चेनही लवकर झिजते. टेन्शनर आणि गाईडही सोबतच बदलावेत. जोडताना पुढच्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून दोन्ही कॅम त्यांच्या खाचेत गेज बसवून जुळवतात. बारीक फरक स्प्रॉकेटमधल्या दातेरी चकतीने काढता येतो. हेड बसलेले असताना चेन सुटी ठेवून कॅम मनाने फिरवला तर इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकू शकतात. म्हणून इंजिन स्टार्ट करण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून गेज पुन्हा लावून बघतात.

काढलेली चेन फेकण्याआधी ती एका टोकाला धरून आडवी, पट्ट्या वर-खाली राहतील अशी, धरून पाहावी. नवी चेन बऱ्यापैकी सरळ राहते. झिजलेली चेन धनुष्यासारखी खाली झुकते, कारण प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये सैल झालेली असते.