शक्ती मोठी की बुद्धी? : फादर थॉमस स्टीफन्स



कोंढ्यासारख्या गावात शाळेच्या वादविवादाला एक विषय ठरलेलाच असतो : शक्ती श्रेष्ठ की बुद्धी श्रेष्ठ? धानाच्या बांधीत राबणारा माणूस याचे उत्तर एका शब्दात देणार नाही. रोवण्याला पाठीचा कणा मजबूत लागतो, आणि बांधीतले पाणी कधी सोडायचे हे कळायला डोके लागते. या प्रश्नाचा विचार करताना मला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे म्हणून त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण ते कोणत्या दिवसांत लिहिले गेले हे आपण फारसे सांगत नाही.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना उघडपणे धर्म पाळता येत नव्हता. थॉमस पाउंड या मित्रासोबत रोमला जायचे त्यांनी ठरवले. पाउंड पकडले गेले आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे गलबत ऑक्टोबरात गोव्याला लागले. भारतात येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज.

गोव्यात त्यांना सासष्टीत काम मिळाले. तो भाग आधीच पोळलेला होता. १५६७ साली पोर्तुगीज सैनिकांनी तेथील देवळे पाडली होती. नंतरही कुंकळ्ळी व आसपासच्या गावांवर स्वाऱ्या झाल्या. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गेलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती लोकही प्राणास मुकले. १८९३ साली चर्चने या पाच जणांना धन्यवादित घोषित केले. पण त्यानंतर काय झाले हेही आपण लपवू नये. बोलणी करायची म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावले गेले आणि तेथे त्यांना ठार मारण्यात आले. विश्वासाने आलेल्या माणसांना मारणे हा विश्वासघातच.

अशा सासष्टीत फादर स्टीफन्स यांनी आयुष्याची उरलेली सुमारे पस्तीस वर्षे काढली. ज्या राज्याने हे केले त्याच राज्याच्या आश्रयाने ते तेथे राहत होते, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावी लागते. तरीही त्यांची वाट निराळी होती. त्याच १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवले की इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे. दोनशे वर्षांनी विद्वानांनी जे शास्त्र उभारले, त्याची ही पहिली चाहूल. त्याच सुमारास गोव्याच्या तुरुंगात पडलेल्या राल्फ फिच व इतर इंग्रज व्यापाऱ्यांना जामिनावर सोडवण्यासाठी त्यांनीच मध्यस्थी केली. हे व्यापारी त्यांच्या पंथाचे नव्हते.

पुराणाच्या आरंभी एक प्रसंग येतो. धर्मशिक्षण चालू असताना नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने विचारले की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? मला वाटते, हा प्रश्न त्या माणसाच्या पोटातून आला होता. बळाने पोथी काढून घेता येते, पण रात्री दिव्याजवळ बसून जे ऐकायचे त्याची जागा मोकळीच राहते. फादरांनी ती जागा भरायला घेतली. आपल्याच वैनगंगेकाठी, अंभोऱ्याला, परंपरेप्रमाणे मुकुंदराजांनी ज्या ओवीत 'विवेकसिंधु' लिहिला, तीच ओवी या परदेशी धर्मगुरूने उचलली. मराठी हीच या कामाला योग्य भाषा ठरवून त्यात लोकांच्या तोंडचे कोंकणी शब्द मिसळले. सुमारे ११,००० ओव्यांमध्ये जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनी सांगितली. कोंकणीचे व्याकरणही रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले.

देशी लिपीत छपाई व्हावी म्हणून १६०८ साली त्यांनी रोमला विनंती केली होती. ते जमले नाही. १६१६ साली राशोल येथे पुराण रोमन लिपीतच छापले गेले, आणि १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच वारले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. बोली गेली नाही. पुराणाच्या छापील प्रती मात्र नाहीशा झाल्या. त्यातली एकही आज मिळत नाही. ते उरले ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. उपवासकाळात ते सुरावर वाचले जाई. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला त्याची पुन्हा छपाई झाली, तीही रोमन लिपीत. १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांची आवृत्ती निघाली. ती देवनागरीत होती.