विश्लेषण: लीन मॅनेजमेंट म्हणजे काय? खानदेशात नोकरीची सुरुवात केलेल्या विश्वेश्वरय्यांकडून काय शिकता येईल?

भडगाव तालुक्यात गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटले, की पहिला प्रश्न असतो तो पाणी टेलला पोचणार का हाच. धरणात पाणी असते, पाटातही असते. तरी शेवटच्या शेतात ते वेळेवर येईलच, याची खात्री नसते. कुठे पाझर, कुठे फुटलेली चारी, कुठे वरच्या बाजूला गरजेपेक्षा जास्त उपसा. पाणी कमी असणे ही एक अडचण झाली, असलेले पाणी वाटेत वाया जाणे ही दुसरी. या दुसऱ्या अडचणीवर सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी पद्धतशीर काम केले, ते भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आज व्यवस्थापनाच्या वर्गात ज्याला ‘लीन’ म्हणतात, तो शब्द त्यांनी वापरला नव्हता. काम मात्र त्याच दिशेचे होते.

लीन म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कंपनीत तायची ओनो यांनी उत्पादनाची नवी पद्धत बसवली. ज्या कामाने ग्राहकाच्या पदरात काहीच पडत नाही, ते सगळे वाया. वाट पाहणे, नको तितका साठा, उगाच हेलपाटे, चूक झाल्यावर पुन्हा करावे लागणारे काम, गरजेआधी केलेले उत्पादन, हे सारे त्यात आले. जपानीत याला ‘मुडा’ म्हणतात. या पद्धतीला ‘लीन’ हे नाव 1988 मध्ये मिळाले आणि 1990 नंतर ते जगभर पसरले. लीन म्हणजे माणसे कमी करणे असा समज आहे, तो चुकीचा. काम कुठे अडते ते शोधायचे आणि ती अडचण मुळातून काढायची, हा त्याचा गाभा.

विश्वेश्वरय्या खानदेशात कसे आले?

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. लहानपणीच वडील गेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी बी.ए. केले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रवेश घेतला. 1883 मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. 1884 मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली आणि थोड्याच दिवसांत ते धुळ्यात आले.

सुरुवातीच्या कामांपैकी एक होते दातर्तीजवळचे. पांझरेच्या खोऱ्यातील एका प्रवाहाखालून पाटाचे पाणी नळाने पलीकडे न्यायचे होते. पावसाळा लागला, पुराने वाळू वाहून आणली आणि काम थांबू लागले. पावसाळा संपेपर्यंत काम स्थगित ठेवावे, असे तरुण अभियंत्याने कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग विश्वेश्वरय्यांनी त्याच पावसाळ्यात काम तडीस नेले.

फड पद्धतीत काय वेगळे होते?

याच पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे काही फड. एका फडात त्या हंगामात साधारण एकच पीक. कोणत्या फडाला केव्हा पाणी द्यायचे ते पाटकरी पाहतो. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. त्यामुळे पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक राहतो आणि तोटा सगळ्यांना वाटून जातो. एकट्या टेलवाल्याच्या माथी तो बसत नाही.

सक्करमध्ये खर्च कसा वाचला?

1894 च्या सुमारास त्यांना सिंध प्रांतातील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी पाठवण्यात आले. सिंधू नदीचे पाणी गढूळ होते. ते गाळण्यासाठी मोठे हौद बांधायचे तर नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदवली आणि पात्राखालून बोगदा नेला. नदीतळाच्या वाळूतून झिरपत आलेले पाणी आपोआप गाळले गेले. ते वर टेकडीवर चढवले आणि शहराला दिले. निसर्ग जे काम फुकट करतो, त्यासाठी बांधकाम कशाला, असा हा हिशेब होता. यात पाण्याचा दर्जा खाली आणलेला नव्हता, हे महत्त्वाचे.

‘ब्लॉक’ पद्धत काय होती?

1898 मध्ये त्यांनी चीन आणि जपानचा दौरा केला. परतल्यावर 1899 मध्ये पुणे भागातील पाटबंधाऱ्यांची जबाबदारी आली. नीरा कालव्यावर तेव्हा चित्र असे होते: वरच्या गावांत उसाला भरमसाट पाणी, खालच्या गावांत टंचाई. जादा पाण्याने वरच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या होत्या. म्हणजे जो पाणी घेत होता, त्याचेही नुकसान आणि ज्याला मिळत नव्हते, त्याचेही.

विश्वेश्वरय्यांनी भिजणाऱ्या जमिनीचे गट पाडले. चांगल्या जमिनीत ठरावीक गट, त्यात ऊस आणि कमी पाण्याची पिके यांची फेरपालट आणि ठरलेल्या पाळीने पाणी. कालव्याचे पाणी जास्तीत जास्त गावांना मिळावे, हा हेतू. शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. आपले हक्काचे पाणी कमी होणार, ही भीती खोटी नव्हती. ज्यांना मनमानी पाणी मिळत होते, त्यांचे ते कमी होणारच होते. खालच्या गावांपर्यंत पाणी न्यायचे, तर हा वाद टाळता येण्यासारखा नव्हता.

खडकवासल्याचे दरवाजे आपोआप कसे उघडत?

खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई होई. धरण उंच करणे धोक्याचे आणि खर्चिक होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाण्याची पातळी सुमारे 8 फूट वाढवता आली. त्याहून वर पाणी चढले, की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की बंद होत. 1903 च्या सुमारास हे काम झाले. पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही. टोयोटा घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांचा माग धागा तुटला की स्वतःहून थांबत असे. तत्त्व तेच: बिघाड किंवा धोका यंत्राने स्वतः ओळखावा, माणसाने दिवसरात्र पहारा देत बसू नये.

कारखान्यातही हीच शिस्त चालली?

1908 मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. तिथल्या पूरनियंत्रणाचा आराखडा त्यांनी केला. 1909 मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि 1912 ते 1918 दिवाण होते. कृष्णराजसागर धरण त्यांच्याच काळात सुरू झाले. 1923 पासून काही वर्षे त्यांनी भद्रावतीच्या तोट्यातील लोखंड कारखान्याची धुरा सांभाळली, स्थानिक माणसे तयार केली आणि कारखाना सावरला. 1955 मध्ये भारतरत्न मिळाले. एप्रिल 1962 मध्ये वयाच्या शंभरीनंतर त्यांचे निधन झाले.

आज घरात, दुकानात, शेतात हे कसे वापरायचे?

- वाट पाहणे मोजा. दवाखान्यात तपासणी पाच मिनिटांची आणि बसणे दोन तासांचे. जिनिंगबाहेर कपाशीच्या गाड्यांची रांग. वेळ ठरवून दिली तर दोन्हीकडचा खोळंबा घटतो.
- पुढची पायरी तयार नसेल तर आधीची उरकू नका. केळी कापून ठेवली आणि ट्रक आला नाही, तर नुकसान शेतकऱ्याचेच.
- वस्तूला जागा ठरवा. गॅस पेटवल्यावर डबा शोधणे हाही मुडाच.
- चूक जिथे होते तिथेच थांबवा. फुटलेली चारी आवर्तनाआधी दुरुस्त केली, तर भांडण आणि पाणी दोन्ही वाचते.
- वाचलेले कुणाला मिळाले ते पाहा. वरच्या शेतात बचत झाली आणि टेल कोरडेच राहिले, तर ती बचत नव्हे.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. ठिबक बसवता येते, दरवाजे बसवता येतात. आपल्याला मिळणाऱ्या जादा पाण्यावर पाणी सोडायला मात्र वरच्या शेतकऱ्याची तयारी लागते आणि ती पाळी सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय येत नाही. फडाच्या गावांनी ते मान्य केले होते आणि नीरा खोऱ्यात विश्वेश्वरय्यांना त्यासाठी झगडावे लागले. भडगावच्या पाटावर आजही प्रश्न तोच आहे.