पंडिता रमाबाई : समाधान आणि साधी मराठी

पंडिता रमाबाईंच्या चरित्राकडे मराठी अभ्यासकांनी प्रायः दोन दृष्टींनी पाहिले. एका दृष्टीला त्यांच्यात धर्मांतर केलेली विदुषी दिसली, दुसरीला विधवांची आश्रयदात्री. पहिल्या दृष्टीत रोष होता, दुसरीत कृतज्ञता. आयुष्यभर धडपडलेल्या या स्त्रीला उत्तरकाळी जी स्वस्थता लाभली तिचे स्वरूप काय, आणि तिचा त्यांच्या गद्याशी काय संबंध, हा प्रश्न मात्र दोन्हींच्या मधे राहून गेला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना विद्वानांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि वर्षानुवर्षे हिंडत राहिले. पुराण सांगावे, मिळेल ती दक्षिणा दानधर्मात घालावी, व्रतेउपवास करावेत आणि पुण्य जोडावे, असा हा क्रम होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. आईवडील आणि थोरली बहीण यांना काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू आला. पुण्यसंचयाच्या या श्रमाला शेवट नसतो, हा अनुभव रमाबाईंनी पोथीतून घेतलेला नव्हता. त्यांच्या पुढील शोधाचे मूळ येथे आहे. केवळ मिशनऱ्यांच्या प्रभावाने त्याची उपपत्ती लावणे अपुरे ठरते.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. त्याच वर्षी लहानग्या मनोरमेसह त्या पुण्यास आल्या. न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ नुकतेच निघालेले होते. सभा, व्याख्याने, वर्तमानपत्रे यांनी शहर गजबजले होते. तीर्थांऐवजी येथे उन्नतीचा ध्यास होता, एवढाच फरक. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. स्त्रियांनी उद्योग करावा, स्वावलंबी व्हावे, असे सांगणारे हे पुस्तक संस्कृतप्रचुर मराठीत आहे. ज्या स्त्रियांसाठी ते लिहिले त्यांपैकी कितीजणींना ते वाचता आले असते, ही शंका रास्तच आहे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुष्कळ चरित्रे हा प्रसंग शेवटचा मुक्काम मानतात. तो तसा नव्हता. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार (तो १९७७ मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला) पाहिला, तर चर्चच्या अधिकाराविषयी, त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या किती कठोरपणे वाद घालीत होत्या हे कळते. धर्म बदलला होता, पण मन निवांत झाले नव्हते. अमेरिकेत तीन वर्षांच्या आसपास काढून त्या परतल्या. १८८९ च्या प्रवासवृत्तात त्यांनी तेथील उद्यमशीलतेचे भरभरून वर्णन केले आहे. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यात आले.

ख्रिस्ती मत स्वीकारले तरी ख्रिस्त आपल्याला भेटला नव्हता, हे रमाबाईंच्या ध्यानी आले ते १८९१ च्या सुमारास. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी! तारण हे कमावण्याचे नसून मिळालेले आहे, ही प्रतीती त्यांनी १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितली आहे. वडिलांच्या पुण्यसंचयाला मिळालेले हे उत्तर होते, असे म्हणता येईल. बाह्य परिस्थिती मात्र बिघडतच होती. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. ही शंका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. रमाबाई कोणावर सक्ती करीत नव्हत्या, पण आपला विश्वास लपवीतही नव्हत्या. या विरोधाने त्या खचल्या नाहीत, हे मात्र खरे.

स्वस्थता म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे १८९७ मध्ये दिसले. मध्य प्रांतातील दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. स्वतः दुष्काळात पोळलेल्या बाईने केलेले हे काम होते. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा दौंडच्या वाटेवरील केडगावच्या माळावर त्यांची व्यवस्था झाली आणि १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. निश्चित उत्पन्नाची हमी नव्हती. अन्न मिळेल या विश्वासावर इतक्या जीवांची जबाबदारी घेणे धाडसाचे होते. काहींना ते बेजबाबदारही वाटले.

उत्तरायुष्यात, ऐकू येईनासे झाले असता, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. येथे त्यांनी पांडित्य बाजूला ठेवले. वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द टाळून, अल्पशिक्षित बाईला कळेल अशी वाक्ये त्यांनी योजिली. ‘स्त्रीधर्मनीति’ची मराठी आणि ही मराठी एकाच लेखणीची आहे, हे सांगावे लागते. नव्या भाषेत लालित्य कमी आहे, कोठे कोठे ती रुक्षही होते. पण आपली विद्वत्ता दाखविण्याची गरज त्या लेखणीला उरलेली नव्हती. मराठी गद्याच्या इतिहासांनी या भाषांतराची दखल पुरेशी घेतलेली नाही. चर्चच्या वापरातही बायबल सोसायटीचेच भाषांतर राहिले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. संस्थेची धुरा तिच्यावर सोपविण्याचा रमाबाईंचा विचार होता. त्यानंतरही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. भाषांतर संपूर्ण झालेले होते. मुक्ती सदनाच्या छापखान्यात, तेथील मुलींनी खिळे जुळवून, ते १९२४ मध्ये बाहेर आले.