हर्मान वाईल यांची चुकलेली मोजपट्टी

रेल्वेने फिरणाऱ्या मराठी माणसाला ‘गेज’ हा शब्द नवा नाही. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज. दोन रुळांमधले अंतर बदलले की गाडीही बदलावी लागते. हाच शब्द आज भौतिकशास्त्रातल्या सर्वांत यशस्वी सिद्धांतांच्या नावात जाऊन बसला आहे. गंमत अशी, की तो तिथे पोहोचला तो एका चुकलेल्या कल्पनेचे बोट धरून. ती कल्पना होती हर्मान वाईल या जर्मन गणितज्ञाची.

वाईल यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८८५ रोजी हॅम्बुर्गजवळच्या एल्म्सहॉर्न गावी झाला. गटिंगेन विद्यापीठात डेव्हिड हिल्बर्ट यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. १९१३ साली हेलेन जोसेफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी झुरिकच्या तंत्रविद्यापीठात ते प्राध्यापक म्हणून रुजू झाले. आइन्स्टाइन तेव्हा तिथेच होते. पुढे महायुद्ध पेटले आणि १९१५ मध्ये वाईल यांना जर्मन सैन्यात जावे लागले. वर्षभराने सुटका होऊन ते झुरिकला परतले, तोवर आइन्स्टाइन यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत अवतरला होता. वाईल त्याने झपाटून गेले.

या सिद्धांतात एक विलक्षण गोष्ट होती. एखादा बाण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेला, तर तिथे त्याची दिशा कोणती राहील हे वाटेवर अवलंबून असते. वाईल यांनी विचारले, मग बाणाची लांबी तरी सगळीकडे तीच का राहावी? प्रत्येक ठिकाणची मोजपट्टी वेगळी असू द्या, निसर्गाचे नियम त्याने बदलता कामा नयेत. या मापनिरपेक्षतेचे गणित मांडले आणि काय आश्चर्य, त्यातून विद्युतचुंबकत्वाची समीकरणे आपोआप बाहेर पडली! गुरुत्वाकर्षण आणि वीज एकाच सूत्रात ओवली गेल्यासारखी दिसली. वर्ष होते १९१८ आणि वाईल बत्तीस वर्षांचे होते.

त्यांनी लेख आइन्स्टाइन यांच्याकडे बर्लिनला पाठवला. आइन्स्टाइन कल्पनेच्या सौंदर्याने भारावले, पण लगेच त्यांना त्यातली खोट दिसली. ती आपल्यालाही स्वयंपाकघरात पाहता येते. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. मीठ मुंबईचे असो वा युरोपातले, पिवळा तोच. वाईल यांचे म्हणणे खरे असते, तर प्रत्येक अणूचे माप त्याने केलेल्या प्रवासावर ठरले असते, आणि वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या अणूंचे रंगही वेगळे दिसले असते. तसे दिसत नाही.

बर्लिनच्या अकादमीने लेख छापला, पण त्याच्या शेवटी आइन्स्टाइन यांचा आक्षेप जोडून. त्याखाली वाईल यांचे उत्तरही होते. ज्यांना आपण मनोमन मानतो, त्यांनीच आपली सर्वांत लाडकी कल्पना नाकारावी आणि तो नकार तिच्याच पायाशी छापला जावा, याचे दुःख काय असेल! वाईल काही वर्षे भांडले, मग हळूहळू शांत झाले.

कल्पना मात्र मेली नव्हती. पुंजयांत्रिकी आली. इलेक्ट्रॉन लहरीसारखाही वागतो हे कळले. लहरीला घड्याळाच्या काट्यासारखी एक स्थिती असते, तिला कला म्हणतात. १९२७ मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी आणि १९२९ मध्ये सविस्तरपणे स्वतः वाईल यांनी दाखवले, की ठिकाणागणिक बदलायची ती मोजपट्टीची लांबी नव्हे, तर हा काटा. गणित जवळपास तेच, अर्थ नवा. ‘गेज’ हे नाव तेवढे मागे राहिले. १९५४ मध्ये यांग आणि मिल्स यांनी हीच वाट पुढे नेली आणि आजचा मूलकणांचा सिद्धांत त्या पायावर उभा राहिला.

मधल्या काळात आयुष्यानेही त्यांची परीक्षा पाहिली. १९३० मध्ये ते हिल्बर्ट यांच्या जागी गटिंगेनला आले होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. पत्नी ज्यू वंशाची, पदरी दोन मुलगे. प्रिन्स्टनचे आमंत्रण आधी नाकारणाऱ्या वाईल यांनी आता मायदेश सोडला.

आणि ती मूळची मापनिरपेक्षता? तीही पुन्हा आली. १९६४ मध्ये फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनी मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताला हीच अट होती. कणभौतिकीत तिचे रूप आणखी निराळे आहे. नेच्याच्या पानातली छोटी पाती अख्ख्या पानासारखीच दिसते, पण मुंगी हत्तीएवढी केली तर तिचे पाय मोडतील. म्हणजे निसर्गाने कुठेतरी एक माप पक्के केले आहे. मुळात सर्व मापे सारखी असून पुढे निसर्गाने त्यातले एक निवडले असेल, तर त्या निवडीची खूण म्हणून एक कण उरला पाहिजे, असे गणित सांगते. निवडलेल्या मापाचेच जणू ते हलके थरथरणे. या कल्पित कणाला ‘डायलॅटॉन’ म्हणतात. २०१२ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नवा कण सापडला, तेव्हा हाच तर डायलॅटॉन नव्हे ना, अशी शंका काहींनी तपासली. मोजमापे हिग्ज कणाशीच जुळली. डायलॅटॉन अजून सापडलेला नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये झुरिकमध्ये वाईल अचानक गेले. नुकतीच सत्तरी झाली होती, शुभेच्छांना उत्तरे धाडण्याचे काम चालू होते. आपल्या मोजपट्टीच्या नावाने पुढे कणांचा शोध चालेल, हे त्यांनी पाहिले नाही. चूक मान्य करायची, पण तिच्यातले सोने फेकून द्यायचे नाही, एवढे मात्र ते आयुष्यभर करत राहिले. घरात मुलाची गणिताची वही तपासताना लाल रेघ मारण्यापूर्वी हे आठवायला हरकत नाही.